शेवटचं पान

बाईंनी कपाटातून पहिलं पुस्तक काढलं, सवयीने शेवटचं पान उघडलं आणि तशाच थांबल्या. पान कोरं होतं.

त्यांनी दुसरं काढलं. तेही कोरं. तिसरं उघडेपर्यंत न्यासाकडून आलेल्या मॅडम पेनाचं टोपण काढून तयार झाल्या होत्या.

"दाखवताय ना? मुलांनी शब्द लिहिलेत म्हणालात ते?"

"दाखवते," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. पस्तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेल्या बाईचा आवाज सहसा हलत नाही.

ग्रंथालयातला शनिवारचा वाचनवर्ग वर्षभर चालला तो या न्यासाच्या अनुदानावर. पुस्तकं न्यासाची. बुटकी कपाटं कोपऱ्यावरच्या सुताराने लाकडाच्या पैशांत, मजुरी न घेता करून दिली. पेन्सिली समोरच्या दुकानदाराच्या. गावातले भागीदार जोडल्याशिवाय अनुदान मिळणार नाही अशी अटच होती, म्हणून बाई दारोदार फिरल्या होत्या. आता वर्ष संपत आलं होतं. पुढच्या वर्षी वर्ग चालवायचा की बंद करायचा, हे मॅडमच्या अहवालावर ठरणार होतं. मॅडम शनिवारी येणार होत्या, त्या बुधवारीच आल्या. मुलं शाळेत. मग मुलांच्या वतीने बोलणार कोण? तर पुस्तकांची शेवटची पानं.

बाईंची रीतच तशी होती. पुस्तक वाचून झालं की न कळलेला एक शब्द मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायचा. पुढच्या वाचकाला ठाऊक असेल तर त्याने अर्थ लिहायचा, नाहीतर 'मलापण नाही' असं लिहून खाली सही करायची.

"मॅडम, हजेरीपट आहे," बाई म्हणाल्या. "एकतीस मुलं."

"हजेरी सगळेच दाखवतात हो." मॅडम वाईट नव्हत्या, नुसत्या थकल्या होत्या. "पुस्तकं मात्र नवी कोरी दिसतायत. ती वाचली गेली, हे मी समितीला कशावरून सांगू?"

तेव्हा खिडकीजवळ उभे असलेले ग्रंथपाल खाकरले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मुलं मात्र हळूकाका म्हणत, कारण दार वाजलं, खुर्ची सरकली, कुणी शिंकलं तरी त्यांचा एकच शब्द ठरलेला असे.

"मी स्वच्छ केली," ते म्हणाले. "करारपत्रातच आहे. पुस्तकं सुस्थितीत ठेवावीत. एकशे वीस पुस्तकं. दोन दिवस लागले."

"तरीच!" भागीदार म्हणून मुद्दाम बोलावलेल्या दुकानदाराने मांडीवर थाप मारली. "सोमवारी डझनभर खोडरबर घेऊन गेले. मी म्हटलं, वा, साहेबांना मुलांचा लळा लागला!"

"हळू," भाऊसाहेब म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

मॅडमनी वही मिटायला घेतली. भाऊसाहेब स्वतःच्या बोटांकडे पाहत होते. ज्या माणसाने जन्मभर पुस्तकाचा कोपरासुद्धा कुणाला दुमडू दिला नाही, त्याने आपल्याच हाताने वर्षभराचा पुरावा पुसून टाकला होता, आणि ते त्याला या क्षणी उमगत होतं.

बाई रागावल्या नाहीत. गणित चुकलेल्या पोराच्या पाटीकडे पाहावं तशा त्या पानाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. आणि गालात हसल्या.

"दुकानदार, कानावरची पेन्सिल द्या."

पेन्सिल त्यांनी भाऊसाहेबांपुढे धरली.

"मी?" ते दचकले. "ग्रंथालयाच्या पुस्तकात?"

"पुस्तक तुमच्या ताब्यातलं. तुमच्या परवानगीशिवाय मी रेघ ओढणार नाही. आडवी धरा. शिसं टेकेल न टेकेल असं फिरवा. हळू."

भाऊसाहेबांनी पेन्सिल आडवी धरली. करड्या रंगाची साय पानभर पसरत गेली आणि तिच्यातून पांढरी अक्षरं वर येऊ लागली. मुलं लिहिताना जीव खाऊन दाबतात. वरचं शिसं गेलं होतं, पण दाबलेली रेघ कागदात तशीच होती.

'अजस्र म्हणजे काय?' खाली दुसरं अक्षर: 'आमच्या मामाचं पोट.' त्याखाली तिसरं: 'बरोबर. मी पाहिलंय.'

मॅडम मोठ्याने हसल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. खुर्ची करकरली. भाऊसाहेब काही म्हणाले नाहीत.

दुसरं पुस्तक झालं. तिसरं झालं. 'चिकाटी: बाईंना असते ती.' मॅडम भराभर उतरवून घेत होत्या. चौथ्यासाठी त्यांनी स्वतःच कपाटात हात घातला.

"ते राहू द्या," भाऊसाहेब पटकन म्हणाले. "त्यात विशेष काही नाही."

"बघू तरी." मॅडमनी पेन्सिल घेतली होती.

'हुरहूर म्हणजे काय?' अक्षरं वर आली. 'मलापण नाही.' 'मलापण नाही.' 'आईला विचारलं, ती म्हणाली मोठा झालास की कळेल.' आणि तळाशी बारीक, उजवीकडे झुकलेली एक ओळ, हलक्या हाताने लिहिलेली, जेमतेम दिसणारी:

'शनिवारी सहा वाजता मुलं घरी गेली, की ग्रंथालयात जी उरते ती.'

मॅडमनी ओळ दोनदा वाचली.

"हे कुणाचं? अक्षर मोठ्या माणसाचं वाटतं."

बाईंनी पुस्तक मिटलं. कण्यावरच्या चिठ्ठीवर क्रमांक घातला होता, बारीक, उजवीकडे झुकलेला. या ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकावर तोच हात फिरलेला होता. भाऊसाहेब खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होते.

"आहे आमच्या वर्गातलंच एक," बाई म्हणाल्या. "जरा लाजरं आहे. मागे बसतं."

"हे पुस्तक समितीपुढे न्यायचंय मला. चालेल?"

भाऊसाहेब वळले, टेबलाशी गेले, नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक लिहिला आणि तारखेचा शिक्का मारला. "एक महिना," ते म्हणाले. "परत आणून द्यायचं. शनिवारी आलात तर बरं."

मॅडमनी मान डोलावली आणि अहवालाचा कागद पुढे ओढला.

"वर्गातली संख्या एकतीस, नाही का?"

"बत्तीस," बाई म्हणाल्या.

हजेरीपट भाऊसाहेबांच्या हाताशीच होता. त्यांनी तो उघडला नाही.