पिवळा उतरव

छापखान्यात माझ्या डोळ्यांना मान होता. खोक्यांची डिझाइनं करण्यात माझी तीस वर्षं गेली. मशीनमधून पहिला कागद बाहेर आला की मालकसुद्धा कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायचे. मी सही केली की छपाई सुरू, नाहीतर सगळे हात बांधून उभे. मला हे आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी तापाच्या औषधाचं खोकं होतं. एकाच नावाच्या दोन गोळ्या, लहान मुलांची आणि मोठ्यांची, आणि मोठ्यांच्या गोळीत औषध पाचपट. खोकी अगदी सारखी, फक्त पट्ट्याचा रंग वेगळा. मुलांचा निळा, मोठ्यांचा हिरवा. कंपनीची माणसं म्हणत होती, अक्षरंही मोठी करू. मी त्यांना उडवून लावलं. आजारी माणसाच्या घरात कुणी वाचत बसत नाही, रंग बघतात, आणि रंग माझ्यावर सोडा, असं मीच म्हणाले होते.

निळी खोकी आदल्या दिवशी छापून झाली होती. आज हिरवी. मशीनवर नवीन बाई होती, जेमतेम तिशीची. जुने मशीनमन, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पंधरा दिवसांपूर्वी निवृत्त झाले होते.

"ताई, प्रूफशी जुळतोय," कंपनीने मंजूर केलेला नमुना शेजारी धरून ती म्हणाली.

"पिवळट मारतोय. पिवळा उतरव."

तिने शाईची किल्ली फिरवली. नवा कागद आला, तोही मला पिवळटच दिसला. पुन्हा उतरव म्हटलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी तिचा हात किल्लीवरच थांबला.

"ताई, निळ्यावर पिवळा चढतो म्हणून तर हिरवा होतो. आणखी काढला तर..."

"मला शिकवू नकोस. प्रूफ पडून पडून पिवळं झालंय. माझ्या डोळ्यांनी चाल."

ती चालली. मी कागदावर सही ठोकली, कालचं एक खोकं आणि आजच्या कागदातून कापून घडी केलेलं एक पिशवीत टाकलं आणि जेवायला घरी आले. प्रत्येक कामाचा एक नमुना मी कपाटात ठेवते.

आमचं घर छापखान्यापासून दोन गल्ल्या सोडून. नवऱ्याने ताटं घेतली होती. पिशवी टेबलावरून उचलताना खोकी बाहेर पडली, ती त्याने हातात घेतली.

"दोन्ही मुलांचीच आणलीस?"

"एक मोठ्यांचं आहे. हिरवं."

"यातलं हिरवं कुठलं?"

मला हसू आलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या माणसाला अजून मोजे जोडीने घालता येत नाहीत. तसं मी त्याला बोललेही. तो दोन्ही खोकी खिडकीत शेजारी शेजारी ठेवून बाजूला झाला.

मी नीट पाहिलं. दोन्ही हिरवी होती. पण त्यातलं एक तर निळं असायला हवं होतं.

कपाट उघडून मी रंगांची जुनी पुस्तिका काढली, निळ्यांचं पान उघडलं. या पानावरच्या सगळ्या पट्ट्या मला पाठ होत्या. त्या मळकट, शेवाळल्यासारख्या दिसत होत्या. मी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. तशाच. पिवळं प्रूफ नाही, माझे डोळे झाले होते.

छापखान्यात फोन लावला. कुणी उचलेना. मशीन चालू असताना तिथे कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही. मालकांचा फोनही नुसताच वाजत राहिला. मग मी मास्तरांना लावला.

"मास्तर, खरं सांगा. मी पिवळा उतरवायला सांगते तेव्हा किती उतरवायचा असतो?"

मास्तरांनी आधी टीव्ही बंद केला.

"ताई, वर्षभर तुम्ही प्रत्येक कामाला तेच सांगताय. मी किल्लीला नुसता हात लावायचो आणि ती होती तिथेच ठेवायचो. थोड्या वेळाने तुम्ही म्हणायचात, आता बरोबर."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मी फोन ठेवला आणि चपला कशाबशा अडकवून पळत सुटले. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. कुणीतरी आई ताप आलेल्या लेकराला निळं खोकं बघून मोठ्यांची गोळी देणार होती. संध्याकाळी गाडी यायची होती, एकदा माल त्यात चढला की मग माझ्या हातात काही नव्हतं.

मी पोचले तेव्हा मशीन बंद होतं. मालक कालचं खोकं आणि आजचा कागद घेऊन उभे होते, आणि त्यांच्यासमोर ती.

"पिवळा कुणी उतरवला?" ते तिला विचारत होते. "प्रूफ समोर असताना? मास्तरांच्या जागी तुला घेतलं तेच चुकलं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती माझं नाव घेणार नव्हती. घेतलं असतं तरी कुणाला पटलं असतं? मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरे होतं. क्षणभर मी राहिलेही, ते नाकारत नाही.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "चार वेळा. ती नको म्हणत होती."

"ताई, तिला पाठीशी घालू नका."

"मला निळा दिसत नाही. तुमचा शर्ट मला हिरवा वाटतोय."

मालकांनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. "निळा आहे," ते हळूच म्हणाले.

आजचा सगळा छापलेला माल रद्दीत गेला. तिने किल्ल्या पुन्हा पहिल्या जागी आणल्या, कागद काढला आणि प्रूफच्या शेजारी माझ्यासमोर धरला. मला तो जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा दिसला. 'पिवळा उतरव' अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"हिरवा आहे?"

"आहे, ताई."

"कालच्याहून वेगळा?"

तिने निळं खोकं कागदावर ठेवून पाहिलं, मग खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. "एकदम वेगळा."

मी पेन तिच्यापुढे धरलं. तिने मालकांकडे पाहिलं, मालकांनी सवयीने माझ्या तोंडाकडे.

"तिच्याकडे बघा," मी म्हणाले.

तिने सही केली आणि मशीन सुरू झालं.