माझी कंबर आणि ज्वालामुखी

अमेरिकेत कुणी "हाउ आर यू?" म्हटलं की "फाइन" म्हणून पुढे सरकायचं असतं, हे मला सांता क्लारात उतरल्यावर आठवड्याभरात कळलं. आमच्या ह्यांना परतायची वेळ आली तरी कळलं नव्हतं. मनोहरराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. तक्रार मुळापासून समजून घ्यायची आणि मुळापासून सांगायची, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. किराणा दुकानातल्या गल्ल्यावरच्या पोरीनं "हाउ आर यू?" केलं, तर तिला त्यांनी गुडघ्याची हकीकत ऐकवली, मागे ही रांग लागलेली असताना. पोस्टमनला पित्ताची. आमच्या गुरुनाथनं कितीदा समजावलं, "बाबा, ते नुसतं हाय म्हणतात. त्यांना तुमची मेडिकल हिस्टरी नको असते." ह्यांचं उत्तर ठरलेलं. नको असती तर विचारलं कशाला असतं?

मी साताऱ्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की फळ्यावर मोठा शंकू काढायचा, आत लाल खडूनं नळी, वर धुराचे ढग. आपला अख्खा सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय, तुम्ही बसलायत त्या फरशीखाली तोच काळा दगड आहे, असं सांगितलं की मुलींचे डोळे मोठे व्हायचे. एका वर्षी त्यातल्या एकीनं विचारलं, "बाई, तुम्ही खरा पाहिलाय?" मी नाही म्हटलं आणि फळा पुसला. पण ते नाही मला पुढे कायम टोचत राहिलं. आपण न चाखलेल्या पदार्थाची कृती वर्षानुवर्षं सांगत सुटलोय, असं वाटायचं.

म्हणून २००८ च्या उन्हाळ्यात गुरुनाथनं विचारलं, आई, जायच्या आधी काय बघायचंय, तेव्हा मी बाकीची सगळी नावं बाजूला सारली. हवाईचा ज्वालामुखी, म्हटलं. जिवंत, लाल, वाहणारा. ह्या वयात पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही, हे तोही जाणून होता. त्यानं रजा टाकली, तिकिटं काढली आणि लाव्ह्याच्या खडकांवरून नेणारी जीपची सहलही बुक केली. सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं, म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच दुपारी.

जीप उघडी होती, चाकं माझ्या कमरेएवढी. चालवणारी बाई तिथलीच, नोहेआ नावाची, चाळिशीची, भक्कम बांध्याची. मला बघताच तिनं आंटी म्हणून हाक मारली. तिकडे मोठ्या बायकांना तसंच म्हणतात म्हणे. मला ती तिथल्या तिथे आवडली. मी पंजाबी ड्रेसवर सुनेचे बूट घालून तयार होते. सून हिमानी नागपूरची, बोलायला कंजूष पण कामाला चोख. नात सई नऊ वर्षांची, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. ती आधीच मागच्या सीटवर चढून बसली होती.

आणि नोहेआनं ह्यांच्याकडे वळून हसत विचारलं, "हाउ आर यू गाइज टुडे?"

गुरुनाथ गाडीची चावी खिशात ठेवत होता, नाहीतर त्यानं मध्ये उडी घेतली असती. हे थांबले, चष्मा नीट केला आणि सुरू झाले. मी ठीक आहे, फक्त डावा गुडघा. पण मिसेसची कंबर. मग कळशी उचलताना लचक कशी भरली, मणका कुठला, डॉक्टरांनी लाकडी फळीवर किती दिवस झोपवलं, थंडीत अजून कशी धरते, सगळं ह्यांनी त्यांच्या सरकारी इंग्रजीत क्रमवार मांडलं. नोहेआचं हसू हळूहळू मावळलं. ती म्हणाली, सॉरी, पाठीचं दुखणं असेल तर मी नेऊ शकत नाही, रस्ता फार वाईट आहे. बाकीच्यांनी चला, आंटींनी इथे ऑफिसात बसावं, कॉफी चांगली मिळते.

हे गडबडले. आता निस्तरायला म्हणून त्यांनी सांगितलं की तसं काही नाही, मागच्या दिवाळीनंतर फक्त दोनदाच कंबर धरली. गुरुनाथनं कपाळाला हात लावला. मी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतका राग मला सबंध संसारात आला नव्हता. समोर डोंगराकडे पांढऱ्या धुराचा लोट दिसत होता, आणि मी काय करणार होते, तर कॉफी पिणार होते. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच.

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी ओढणी कमरेला खोचली आणि म्हटलं, "हिमानी, ये. फुगडी."

हिमानीनं एक शब्द विचारला नाही. पर्स सईकडे दिली, हातांची अढी घालून माझ्यासमोर उभी राहिली. पावलाला पाऊल जुळवलं, मागे रेललो आणि त्या डांबरी पार्किंगमध्ये गरगर फिरलो. मंगळागौरीला शाळेच्या पोरींना दमवणारी बाई मी. जीपा फिरल्या, नारळाची झाडं फिरली, ह्यांचा "अगं हळू, अगं हळू" फिरला. थांबलो तेव्हा हिमानीला धाप लागली होती, मला नाही. निदान मी ती दाखवली नाही.

सई टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी, दॅट वॉज सो कूल." नोहेआ पोट धरून हसत होती. तिनं ऑफिसात जाऊन साहेबाशी काहीतरी बोलणं केलं आणि अट घालून परत आली. आंटी पुढे माझ्या शेजारी बसतील. मी वाटेत हाउ आर यू विचारत राहीन. जराही दुखलं तर सांगायचं, आणि मी तिथूनच गाडी वळवीन.

म्हणजे आता तो प्रश्न नुसता हाय राहिला नव्हता.

पहिला टप्पा मजेत गेला. दोन्हीकडे काळा लाव्हा, कुठे दोरखंडासारखा वळलेला, कुठे नांगरलेल्या ढेकळांसारखा. मी मागे वळून सईला शिकवायला लागले, हे बघ, हाच आपल्या साताऱ्याचा दगड, फक्त तान्हा आहे. मग रस्ता संपला आणि गाडी नुसती खडकांवर चढायला उतरायला लागली. नोहेआ विचारायची, हाउ आर यू आंटी, मी म्हणायचे फाइन. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की कमरेतून थेट टाचेपर्यंत कळ गेली. मी पुढची दांडी घट्ट धरली आणि ओठ मिटले.

"हाउ आर यू, आंटी?"

"फाइन," मी म्हटलं. आवाज जरा बारीक आला असावा, कारण नोहेआनं गाडीचा वेग कमी केला आणि आरशातून मागे बघितलं.

"अंकल, हाउ इज शी?"

हे माझ्या बरोबर मागे बसले होते. माझी मान ताठ झाली की मला कुठे दुखतंय हे ह्या माणसाला जगात सगळ्यांच्या आधी कळतं. लचक भरली तेव्हा फळीशेजारी खाली चटई टाकून हेच झोपायचे, रात्री कूस बदलायला मला हेच उठवायचे. आणि खोटं बोलणं सोडाच, थोडक्यात बोलणंसुद्धा ह्यांना कधी जमलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. आता कळशीपासून सुरू होणार.

मग ह्यांनी घसा खाकरला.

"फाइन," हे म्हणाले.

एवढंच. पुढे काही नाही. गुरुनाथनं चमकून बापाकडे बघितल्याचं हिमानीनं मला नंतर सांगितलं. गाडी पुढे निघाली. मी वळून बघू शकत नव्हते, पण ह्यांचा हात सीटच्या फटीतून पुढे आला आणि माझ्या कमरेमागे ह्यांचं घडी केलेलं जाकीट सरकवून गेला. मघाचा सगळा राग मी तिथेच सोडून दिला.

शेवटी गाडी थांबली. नोहेआनं आखून दिलेल्या जागेपर्यंत आम्ही सावकाश चालत गेलो. ऊन कलतीला लागलं होतं, आणि समोर तो होता. फळ्यावरचा शंकू नाही, धुराचे गोल ढग नाहीत. जमिनीतून लाल, जाड, संथ असं काहीतरी पुढे येत होतं, त्यावर बघता बघता दुधावर साय धरावी तशी काळी साय धरत होती, आणि ती फोडून पुन्हा लाल बाहेर येत होतं. लांबूनही गालाला धग लागत होती. सह्याद्री असाच झाला. मी एवढ्या मुलींना सांगितलं होतं ते खरं होतं. मी तिथे उभी राहून रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. सई माझा हात धरून मराठीत म्हणाली, "आजी, हा तुझा आहे ना?" मी हो म्हटलं.

पोरं फोटो काढायला पुढे गेली. ह्यांनी मला एका सपाट दगडावर बसवलं, स्वतः गुडघा सांभाळत शेजारी टेकले आणि लाव्ह्याकडे बघत विचारलं, "कशी आहेस?"

मी सांगायला सुरुवात केली. कमरेपासून. कळ कुठल्या खड्ड्यात आली, कुठून कुठे गेली, उजवी टाच कशी बधिर झाली, फुगडीनं खांदा कसा भरून आलाय, काहीएक गाळलं नाही. ह्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.