सात नंबरची कोरी वही

सात नंबरची निवड झाली, तर ड्रायव्हरला एक रुपयाही मिळणार नव्हता. मिळणार होते रविवार. कामावर जाणाऱ्यांची रोज ने-आण करणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांतली एकच संग्रहालयासाठी राखायची, दर रविवारी हौशी लोकांना तिच्यातून फिरवायचं आणि जो ती चालवत आला त्यालाच पुन्हा तिच्यावर बसवायचं, असं ठरलं होतं. बाकीच्या भंगारात. निवृत्त झाल्यापासून ड्रायव्हरच्या पायाला भिंगरी लागली होती. जायला मात्र जागा नव्हती.

निवडीच्या सकाळी त्याने तीनदा बूट घातले, तीनदा काढले.

"अहो, टेका जरा. फरशी झिजेल," बायको म्हणाली.

"माझी गाडी झिजली नाही, फरशीला काय धाड भरलीय!"

यार्डात शेवटच्या दोनच उरल्या होत्या: त्याची सात नंबर आणि कुरकुऱ्याची नऊ. कुरकुऱ्या त्याचाच जोडीदार ड्रायव्हर. खिडकी वाजली तरी दुरुस्तीच्या वहीत तक्रार खरडणारा. तक्रार लिहिली की गाडी आठ-आठ दिवस शेडमध्ये अडकायची आणि ड्रायव्हरच्या गळ्यात परकी गाडी पडायची. आपल्या ड्रायव्हरला ते सोसत नसे. तो फिटरला चहा पाजून गुपचूप पार्ट बदलून घ्यायचा आणि वहीत लिहायचा, 'सर्व ठीक'. अशी एकोणीस वर्षं.

निवड करायला आलेल्या इंजिनीअर बाईंनी दोन्ही गाड्या सुरू करायला लावल्या. सात पहिल्या झटक्यात गुरगुरली. नऊ खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि धुराने सगळ्यांची तोंडं काळी करून मग चालू झाली. ड्रायव्हरच्या मिशीत हसू मावेना.

मग बाईंनी वह्या मागवल्या.

"नऊला नवे ब्रेक, नवा रेडिएटर, दोनदा इंजिन खोललंय. आणि सातला..." त्या पानं उलटत राहिल्या. "काहीच नाही? म्हणजे सगळं मूळचंच? हिच्यात माणसं कशी बसवू?"

"बाई, ब्रेक दोन वर्षांखालीच बदललेत."

"कुठे लिहिलंय?"

ड्रायव्हर या पायावरून त्या पायावर झाला. कुरकुऱ्या आभाळ निरखू लागला.

"लिहिलं असतं तर गाडी हातची गेली असती."

"म्हणजे वहीत खोटं लिहिलंत?"

"खोटं कसलं? मी लिहायला बसेपर्यंत ती ठीकच झालेली असायची!"

बाईंना हसू आलं, पण खूण नऊवरच झाली. "काका, मी वाचून सही करते. ऐकून नाही."

हिशेब असा मिटला. कुरकुऱ्याला जन्मभर नावं ठेवलेली गाडी मिळाली, वर तिचे सगळे रविवार. सात नंबर आठवड्याभरात कापली गेली, अगदी नव्या ब्रेकसकट. उरलेली किंमत बायको मोजते आहे: दर रविवारी ड्रायव्हर घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालतो, चांगले चालणारे नळ खोलतो, आणि तिला घटकाभर निवांत बसायला शेजारणीकडे जावं लागतं.