दहानंतरचे एकोणतीस

नोंदवही माझी होती. चौकटीच्या कागदाची, दोनशे पानी, आणि प्रत्येक पानावर मी पट्टीने पाच रकाने आखले होते: वेळ, त्याआधी काय झालं, नायाराने काय केलं, किती मिनिटं चाललं, कशाने थांबलं. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. जीवरसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षी संत्र्यांवरच्या बुरशीच्या नोंदी मी अशाच ठेवल्या होत्या. सवय लागली ती लागली.

पदवी हातात आली, प्रयोगशाळेतली नोकरी काही आली नाही. म्हणून मी नदीकाठच्या साल्तोला, आमच्या गावी, घरी परतले आणि आमच्याच वस्तीतल्या शाळेत नायाराची सोबतीण झाले. नायारा आठ वर्षांची, तिसरीत. तिला ऑटिझम आहे. वर्गात तिच्या शेजारी एका मोठ्या माणसाने बसायचं, तिला गोंगाट सोसेना झाला की बाहेर न्यायचं, शांत झाली की परत आणायचं, हे माझं काम. शाळा सकाळी आठ ते बारा. सोबतीचे मंजूर तास मात्र आठ ते दहा. दहानंतर वर्गात एकतीस मुलं आणि एकट्या लुर्देस बाई.

"दहाच्या ठोक्याला हिचा ऑटिझम उतरतो की काय?" नायाराची आई यानिना पहिल्याच दिवशी फाटकात मला म्हणाली. "सर्दीसारखा?"

यानिना संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये सकाळच्या पाळीला होती. घरात दोघीच. शाळा बारापर्यंत म्हणून तर ती पाळी जमत होती.

एप्रिलच्या शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका नेल्बा बाईंनी, माझी वही पाहिली. सावकाश पानं उलटली. मग येर्बाच्या पानांच्या चहाचा आपला पेला, म्हणजे पोकळ वाळवलेला भोपळा, नळीसकट माझ्यापुढे धरला.

"पोरी, माझ्या तीस वर्षांत एवढं नेमकं कुणी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आपण हिच्यासाठी बारापर्यंतची सोबत मागू या."

"मिळेल, बाई?"

"मिळवायची. पण वर बसलेल्यांना पुरावा लागतो, आणि तोही अडचणीचा. तू लिहिलंस की आज छान बसली, तर ते म्हणणार, छान बसते ना, मग मदत कशाला? तेव्हा बिघडतं तेवढंच लिही. पण एकूण एक लिही."

मला ते पटलं. आजाराची नोंद करताना ताप नसलेले तास कोण लिहितं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर लिहितात. ताप नसलेले तास लिहिले नाहीत तर ताप किती ते कळतच नाही, हे मला दुसऱ्या वर्षीच शिकवलं होतं. पण मोठ्या बाई आमच्या बाजूच्या होत्या आणि त्यांचा चहा अजून माझ्या हातात गरम होता.

मी यानिनाला सांगितलं. ती हरखून गेली. मला सगळे माका म्हणतात, तीही.

"लिही, माका. चांगलं काळंकुट्ट लिही. काल जेवताना तिनं ताट भिरकावलं, ते धरता येईल का?"

"घरचं नको. शाळेतलंच हवं."

"मग ताट दप्तरात घालून पाठवू का उद्या?"

आम्ही दोघी फाटकाला टेकून हसलो होतो.

नोंदी पुऱ्या व्हाव्यात म्हणून दहानंतरही मी थांबू लागले. नऊ आठवडे, त्रेचाळीस दिवस, रोज बारापर्यंत. जूनच्या शेवटी मोजदाद केली. एकूण प्रसंग एकेचाळीस, आणि त्यातले एकोणतीस दहानंतरचे. कारणंही स्पष्ट होती. दहाला घंटा होते, ती नेमकी आमच्या वर्गाच्या दारावर आहे. मग दूध घ्यायला सगळी मुलं जेवणघरात जातात, तिथले बाक फरशीवर ओढले जातात. मग मैदानावर खेळाच्या सरांची शिट्टी. नायारा कान दाबून टेबलाखाली शिरे, किंवा किंचाळे, आणि एकदा तिने दुधाचा पेला भिंतीवर मारला. हे सगळं माझ्या वहीत मिनिटांसकट होतं. मी तासांप्रमाणे आलेख काढला. दहापाशी रेघ अशी उभी चढत होती की बघून मला चक्क आनंद झाला. प्रश्न कुठे आहे ते सापडलं होतं. घंटा बदला, दूध वर्गात द्या, आणि दहा ते बारा एक माणूस द्या.

नेल्बा बाईंनी आलेख दोन्ही हातांत धरला. "हेच," त्या म्हणाल्या. "मला अगदी हेच हवं होतं." आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला.

जुलैच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी बैठक झाली. आमच्याकडे जुलैत हिवाळा असतो, नेल्बा बाईंच्या खोलीत शेगडी पेटवलेली होती. तपासणी कार्यालयातून एक बाई आल्या होत्या, अंगातला कोट त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. लुर्देस बाई होत्या. यानिना पाळी बदलून आली होती, केस धुऊन, नीटनेटकी, जणू बक्षीस समारंभाला. खुर्चीत बसताना तिने माझ्याकडे बघून डोळा मारला.

नेल्बा बाईंनी माझी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. आवाज मऊ होता. "चार मे, दहा वाजून तीन मिनिटं. घंटा. किंचाळली, टेबलाखाली गेली. सात मिनिटं. अकरा मे, दहा वाजून वीस. दुधाचा पेला भिंतीवर." असे सात-आठ प्रसंग. माझेच शब्द, माझाच क्रम. मग त्यांनी आलेख टेबलावर ठेवला.

"एकेचाळीसपैकी एकोणतीस दहानंतरचे," त्या म्हणाल्या. "हे मी म्हणत नाही, शास्त्र शिकलेली मुलगी म्हणते. दहापर्यंत नायारा आपल्यात आनंदात असते. दहानंतर तिचे हाल होतात. आता एखाद्या लेकराचे रोज हाल होताना बघत बसायचं का? म्हणून शाळा असं सुचवते की सुट्टीनंतर तिने आठ ते दहा यावं. तिच्या भल्यासाठी."

मला वाटलं त्यांची चूक झाली, पुढचं वाक्य राहिलं.

"बाई," मी म्हणाले, "आपण बारापर्यंतची सोबत मागणार होतो."

"सोबतीचे तास वाढत नाहीत, माका. विचारून झालं. मग मुलीचे तास सोबतीला जुळवून घ्यायचे. दोन तास सोबत, दोन तास मुलगी."

"कधी विचारलंत?"

"मार्चमध्ये."

मार्चमध्ये. मी वही दाखवली एप्रिलच्या शेवटी.

कोटातल्या बाईंनी एक कागद यानिनापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की आई आणि शाळा यांनी मिळून असं ठरवलं आहे. शाळेला कुठल्याच मुलाला नाही म्हणता येत नाही, तसा कायदाच आहे. म्हणून शाळा नाही म्हणतच नाही. आईच सही करते.

यानिनाने कागदाला हात लावला नाही. ती वहीकडे बघत होती.

"हे तू लिहिलंस?" तिने मला विचारलं. तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"हो. पण यानिना, ही फक्त बिघडलेली मिनिटं आहेत." मी वही ओढून घेतली आणि तिथेच चौथ्या रकान्यातले आकडे मिळवू लागले. दोनदा बेरीज करावी लागली. "एकूण एकशे शहाण्णव मिनिटं. त्रेचाळीस दिवस, रोज चार तास, म्हणजे दहा हजार तीनशे वीस. दोन टक्केसुद्धा होत नाहीत! उरलेला सगळा वेळ ती वर्गात होती. काम करत होती. ती रोज सकाळी नदीची पातळी किती मीटर आहे ते सांगते, रेडिओवर ऐकून, आणि लुर्देस बाई ते फळ्यावर तारखेखाली लिहितात. वर्गातला रामोन आला नाही हे हजेरीआधी तिला कळतं. दहानंतरसुद्धा सांगते, गणितंसुद्धा दहानंतरच..."

"हे कुठे लिहिलंय, पोरी?" नेल्बा बाईंनी विचारलं. अगदी प्रेमाने.

"तुम्हीच म्हणालात, चांगलं लिहू नकोस."

"मी?" त्या कोटातल्या बाईंकडे वळून हसल्या. "तरुण मुली फार गुंततात. जीव लावतात हो."

मी लुर्देस बाईंकडे पाहिलं. याच बाई शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगायच्या, "ती माझं नाव विसरेल पण नदी विसरणार नाही, हवामान खात्यात लावा तिला." आता त्या बोटावरचा खडू खरवडत होत्या.

"लुर्देस बाई, सांगा ना."

"एकतीस आहेत, माका," त्या वर न बघता म्हणाल्या. "एकतीस."

यानिनाने विचारलं, सही केली नाही तर काय होईल.

"काहीच नाही," कोटातल्या बाई म्हणाल्या. "मग दर वेळी असा प्रसंग झाला की शाळा तुम्हाला फोन करील आणि तुम्ही येऊन तिला घेऊन जायचं. नऊ आठवड्यांत एकेचाळीस वेळा. तुमच्या कामावर चालेल?"

यानिनाने सही केली. पेन खाली ठेवताना ती मला म्हणाली, "सगळं तुझ्या अक्षरात आहे. मी भांडू कशाच्या जोरावर?"

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी नेल्बा बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. भोपळा हातात होता, नळी माझ्याकडे. मी नको म्हणाले.

"रागावलीस? बरं. पण आजपासून चांगलं लिही हं. मुलगी कशी शांत झाली, ते वर कळवायचंय."

"सोबत मिळत नाही हे तुम्हाला मार्चपासून माहीत होतं, बाई."

"मला शाळा चालवायची असते," त्या म्हणाल्या आणि नळी स्वतःच्या तोंडात धरली.

दहाला घंटा झाली. नायाराने कान दाबले, डोळे मिटले, वीसपर्यंत मोजलं. हे तिला मी शिकवलं होतं आणि ते नुकतंच जमू लागलं होतं. डोळे उघडून ती दुधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिचं दप्तर घेऊन तिच्याजवळ गेले.

"नायारा, आपल्याला घरी जायचंय."

"मला ताप नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आईला बरं नाही?"

"आई बरी आहे. फाटकात आहे."

"मग दहाला कोण जातं?"

तिच्याशी खोटं बोलायचं नाही, हा माझा एकच नियम होता. "तू जातेस," मी म्हणाले. "मोठ्यांनी ठरवलंय."

"कोणत्या मोठ्यांनी?"

तिला नावं लागतात. मी सांगितली. नेल्बा बाई, तपासणीच्या बाई, लुर्देस बाई, आई. मग माझंही सांगितलं. रांग पुढे सरकली. ती तिथेच उभी राहिली, सगळी नावं तिने ओठांतल्या ओठांत एकदा म्हटली, आणि मग तिने माझ्या हातातलं दप्तर काढून घेतलं आणि माझ्या पुढे चालत फाटकापर्यंत गेली. एरवी ती माझं मनगट धरून चालायची.

यानिना स्कूटर चालू ठेवूनच उभी होती. तिची पाळी आता दुपारची होती. दुपारी नायाराला कुणाकडे ठेवणार, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी म्हणाले, "मी वरच्या कार्यालयात पत्र देणार आहे. सगळं लिहून. मिनिटांचा हिशोब, मार्चचं, सगळं."

"लिही की. लिहायला तुला छानच येतं."

तिने नायाराला मागे बसवलं, तिच्या कानांवर टोपी ओढली. मग गाडी पुढे न घेता क्षणभर थांबली.

"पाठवायच्या आधी घरी ये," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. "मला वाचून दाखव. पहिल्या शब्दापासून. मग मी सांगेन, पाठवायचं की नाही ते."