चंपतरावांचा समुद्र

"चपला इथंच काढा," चंपतरावांनी फर्मावलं. "पाण्यासमोर पायताण घालून जात नसते. अन् पिशव्याही ठेवा. कोण नेते इथून?"

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी होती. समोरच्या किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडली होती आणि मधून कुठं कुठं घोट्याएवढं पाणी वाहत होतं. सहलीचा गाईड गळ्यात शिट्टी अडकवून केव्हाच पुढे निघून गेला होता. मागे राहिलेल्या नागपूरकरांनी पाण्याकडेच्या एका काळ्या खडकापाशी चपला ओळीनं मांडल्या, तलावाच्या पायरीवर मांडतात तशा.

"राहतीन ना गा इथं?" लहानूनं विचारलं. तो मिलमध्ये चंपतरावांच्या शेजारच्या मागावर होता आणि गल्लीतही शेजारीच राहायचा.

"समुद्र का मले नवा हाय?" चंपतराव म्हणाले. लहानूनंही आपल्या चपला ओळीत ठेवल्या.

ठेवणारच. लग्नाआधी चंपतराव कामाच्या शोधात महिनाभर मुंबईला राहून आले होते, आणि त्या एका महिन्याच्या भांडवलावर गल्लीनं त्यांना जन्मभर 'समुद्रवाले' म्हटलं होतं. वैशाखात संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकल्या, की पोरं गोळा व्हायची. "समुद्र सांगा ना!" मग चंपतराव बिडी विझवून सुरू करायचे. पाणी हिरवंगार. मासे चांदीचे, हातावर येऊन खेळणारे. आणि नजर जाईल तिथवर कमळंच कमळं.

जिजाबाई चुलीवरचं उतरवून उंबऱ्याशी येऊन बसायच्या. भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असायच्या; पण नवऱ्याचा समुद्र सुरू झाला, की त्यांना खरोखर गार वाटायचं. एका खोलीत चार लेकरं वाढवली, नळावर भांडणं केली, कधी कशाचा हट्ट धरला नाही. तो समुद्र मात्र त्यांचा होता. म्हणून मिलवाल्यांची सहल निघाली तेव्हा त्या पहिल्यांदाच अडून बसल्या. "मले तुमचा समुद्र दाखवा." चंपतरावांनी गुडघ्याचं निमित्त केलं, उन्हाचं केलं. शेवटी लहानूनंच दोघांची नावं देऊन टाकली.

सकाळी रेवदंड्याला फिरंग्यांच्या पडक्या किल्ल्यात, माडांच्या सावलीत, एका भगदाडातून जिजाबाईंना समुद्र पहिल्यांदा दिसला. पाणी राखाडी होतं. पलीकडचा काठ कुठं दिसेना. त्यांनी कमळं शोधली, एकही नव्हतं. पुढच्या गावाला असतील, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

आता कुलाबा किल्ल्यात गाईड गणपतीचं देऊळ दाखवत होता, गोड्या पाण्याचं तळं दाखवत होता. एवढ्या खाऱ्या पाण्याच्या पोटात गोडं पाणी! जिजाबाईंनी हात जोडले आणि नवऱ्याला सांगायला वळल्या.

चंपतराव तटावर एकटेच उभे होते. वारा धोतर उडवत होता, तोंड किंचित उघडं होतं. थोरला जन्मला तेव्हा त्याला हातात घेऊन ते असेच खुळ्यासारखे पाहत राहिले होते. जिजाबाईंना कळून चुकलं. हा माणूस समुद्र आज पहिल्यांदा पाहत होता.

आधी राग आला, चांगला डोक्यापर्यंत. एवढी वर्षं आपण कशावर डोळे मिटून झोपलो? मग त्यांची नजर लहानूवर गेली आणि रागाच्या जागी भीती आली. याला कळलं, तर गल्ली यांना जगू देणार नाही.

तेवढ्यात शिट्टी झाली.

परतताना पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं होतं. बायका लुगडी सावरत, किंचाळत, हसत किनाऱ्याला लागल्या. काळा खडक बुडाला होता. चपला नव्हत्या, पिशव्या नव्हत्या.

"भरती आली की एवढं सगळं पाण्याखाली जातं," गाईड म्हणाला. "इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

सगळे अनवाणी उभे. लहानूनं सावकाश मान वळवली.

"काहून गा चंपतराव? तुमी त समुद्र पाह्यला होता ना?"

चंपतरावांचा चेहरा उतरला. ते काही बोलणार, तोच जिजाबाई पुढे झाल्या.

"त्यायले काय विचारता? त्यायनं मले कवाच सांगतलं होतं, पाणी वर येते, चपला उचलून वर नेऊन ठेव म्हणून. मीच विसरलो. मलेच बोला."

आयुष्यात इतकं धडधडीत खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या. लोक कुरकुरले, हसले, बसकडे निघाले.

बसमध्ये खिडकीतून माड मागे जात होते. बऱ्याच वेळानं चंपतराव हळूच म्हणाले, "तापानं फणफणलो होतो वं तवा. महिनाभर खोलीतच पडून होतो. रात्री त्याचा आवाज तेवढा ये. गावी आलो त जो तो विचारे, समुद्र पाह्यला का. हो म्हणून बसलो."

"अन् कमळं?"

"आमच्या पारशिवनीच्या तलावातली."

जिजाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. चारचौघांत हेही पहिल्यांदाच.

पुढच्या वैशाखात अंगणात खाटा पडल्या. पोरं जमली. "आबाजी, समुद्र सांगा ना!" चंपतराव खाली मान घालून बिडी चाचपू लागले. शेजारच्या खाटेवर लहानू बसला होता.

जिजाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आज मी सांगतो. यायच्यासंगं पाहून आलो ना मी." त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "पाणी हिरवंगार. मासे चांदीचे. अन् नजर जाईन तिथवर कमळंच कमळं."

"खरंच?" एका पोरीनं लहानूला विचारलं.

लहानूनं चंपतरावांकडे पाहिलं.

"खरं हाय," तो म्हणाला. "मी बी पाह्यली."

जिजाबाई सांगत राहिल्या. चंपतराव खाटेवर आडवे झाले, डोळे मिटले, आणि मुंबईच्या त्या खोलीत ऐकायचे तसा समुद्र ऐकत पडून राहिले.