पालकाची सही

लालबागच्या मसाला गल्लीत सकाळी मसाला कुटायचे डंक सुरू झाले की बाहेरच्या माणसाला पाच मिनिटं उभं राहवत नाही. ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. अंबिकाच्या डोळ्यांतून ते गेल्या अकरा वर्षांत आलं नव्हतं. नवरा गेल्यावर ती इथे मिरची-हळद कुटायला लागली आणि हळूहळू हात, डोळे, मन, सगळंच बधिर होत गेलं. लोक त्याला सोशिकपणा म्हणत, वर कौतुकही करत.

त्या शुक्रवारी गिरगावातल्या एका लग्नघरची पाच किलो हळद कुटायची होती. नवरीची आई स्वतः येऊन उभी राहिली होती.

"चांगली बारीक करा हं बाई. मुलीच्या अंगाला लागायचीय."

"होय," अंबिका म्हणाली.

अंबिका विधवा आहे हे त्या बाईंना कळलं असतं, तरी त्यांनी कुटण्याला हरकत घेतली नसती. कुटलेली चालते. त्याच हातांनी ती नवरीला लावली, की मात्र अपशकुन होतो. हे शास्त्र कुणी लिहिलं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

त्याच दुपारी तीन वाजता अंबिकाच्या खोलीत तिच्या मुलीची, प्राचीची, लग्न ठरल्याची सुपारी फुटायची होती. आणि त्याच दिवशी पाचच्या आत प्राचीला परळच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. नाही घेतला, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. प्राचीने आपल्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं. बारावीला विज्ञान, प्रवेश परीक्षा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, अधिवासाचा दाखला, डॉक्टरचं तंदुरुस्तीचं पत्र, काविळीची लस घेतल्याचा कागद. सगळं एका निळ्या फायलीत लावून तयार होतं. दोनच गोष्टी राहिल्या होत्या. पहिल्या वर्षाचे ऐंशी हजार, आणि पालकाची सही.

ऐंशी हजार नव्हते असंही नाही. अंबिकाच्या मजुरीतून साठलेली दोन लाखांची ठेव बँकेत होती. पण तिचं नाव पहिल्यापासून 'लग्नाचे पैसे' असं पडलं होतं, आणि पावती दिराच्या, आनंदाच्या, कपाटात असायची. सकाळी निघताना अंबिकाने त्याला विचारून पाहिलं होतं.

"भावोजी, फीपुरते काढूया काय?"

"वैनी, ते लग्नाचे पैसे आसत, फीचे नाय." आनंदा वाईट माणूस नव्हता. लोअर परळच्या टॉवरवर वॉचमनकी करून त्याने भावाच्या पोरीला आपलीच मानलं होतं. "आणि नर्सिंग म्हणजे काय ता म्हायत आसा? रातच्या ड्युट्या, परक्या पुरुषांची घाण काढूची. मुलाच्या आवशीन साफ नको सांगल्यान. तुमी आज डंकावरच ऱ्हवा, मंडळी जाईसर येव नका. ओटी कौसल्या भरतली."

कौसल्या म्हणजे आनंदाची बायको. मुलीच्या सुपारीला काकूने पुढे व्हायचं आणि जन्म दिलेल्या आईने घरातसुद्धा थांबायचं नाही, असं ठरलं होतं. प्राची पाणी भरता भरता आईकडे बघत राहिली. अंबिका "बरां" म्हणून कामावर आली.

दीड वाजता तिने मशीन बंद केलं आणि मालकांना सांगून निघाली. राग आला होता का? नाही. घरी आपली गरज नाही, तर दुसरीकडे जाऊन बघावं, एवढंच तिला सुचलं.

बँकेतल्या मुलीला ती म्हणाली, "ठेवीची पावती दिराकडे आहे. त्यांची सही लागेल ना?"

"दिराचा काय संबंध, मावशी?" मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "ठेव तुमच्या एकटीच्या नावावर आहे. पावती नसली तर तसा अर्ज द्या. मोडायची का?"

अकरा वर्षं तिने स्वतःच्या पैशांसाठी परवानगी मागितली आणि त्याने ती नाकारली. दोघांनाही ते खरंच वाटत आलं होतं. आपल्याकडे कितीतरी बायकांना अजून खरंच वाटतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी अंबिका पाहुण्यांच्या चपला ओलांडून पुढच्या दाराने आत आली. पाटावर नारळ होता, सुपारी होती, रेशमी साडीत खाली मान घातलेली प्राची होती.

"वैनी, तुमी जरा मागे..." कौसल्या पुटपुटली. त्या दहा बाय बाराच्या खोलीत मागे जागाच नव्हती.

"प्राची, फाईल घे. चल."

"वैनी!" आनंदा उभा राहिला. "माणसां बसली आसत. भरल्या घरात अपशकुन करतास?"

"होय," अंबिका त्याच सपाट आवाजात म्हणाली. "माझ्या येण्यान जा मोडता, ता मोडूंदे. सुपारी फोडू नका. तिका शिकूचा आसा."

मुलाच्या आईने पदर सावरला आणि ती उठली. प्राचीने फाईल छातीशी धरली. साडी बदलायलाही ती थांबली नाही.

कॉलेजच्या खिडकीत कारकुनाने कागद मोजून घेतले, बँकेचा ड्राफ्ट तपासला. "पालक कोण?"

"वडील नाहीत," प्राची म्हणाली.

"वडील नाही विचारले. पालक कोण?"

"मी," अंबिका म्हणाली. "आई."

"मग करा सही. इथे."

नवरा आहे का, कुंकू लावता का, हे त्या अर्जात कुठेच विचारलेलं नव्हतं. अंबिकाने सावकाश सही केली. कागदावर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले.

"अहो मावशी, आधी हात पुसायचे ना!" कारकुनाने रुमालाने घासून पाहिलं, पण हळद काही जाईना. "असू दे. चालेल."

ते ठसे पाहून प्राचीला रडू फुटलं. आपल्या लग्नात आईचे हात आपल्याला लागणार नाहीत, हे ती लहानपणापासून जाणून होती.

पुढच्या तीन वर्षांची फी उभी करायची होती. चाळीत बोलणी खायची होती, दिराचा अबोला सोसायचा होता. अंबिकाला यातलं काहीच अजून जाणवत नव्हतं. फाटकाबाहेर येऊन ती उन्हात थांबली आणि हात पदराला पुसत राहिली.

"आये, काय झाला?" प्राचीने विचारलं.

"काय नाय," अंबिका म्हणाली. "डोळे चुरचुरतत."