उलट्या निऱ्या

मरोळच्या गावठाणात लग्न कुणाचंही असो, नवरीला लुगडं नेसवायला शर्लीच लागायची. तिच्या हातचं लुगडं कितीही नाचलं तरी बोटभर हलत नसे. एवढी एकच गोष्ट तिच्या नावावर उरली होती आणि ती तिला पुरायचीही, ॲमांडाचं नाव निघेपर्यंत.

ॲमांडा तिची चुलत बहीण. चर्चच्या हॉलमध्ये दोघी मे क्वीनच्या सौंदर्यस्पर्धेत उतरल्या, तेव्हा मुकुट शर्लीला मिळाला आणि ॲमांडा दुसरी आली. पण शहराच्या मोठ्या स्पर्धेला जायची वेळ आली, तेव्हा शर्लीचे डॅडी बर्नार्ड आडवे आले. ॲमांडाचे आले नाहीत. तिला तिथला मुकुट, मग जाहिराती, मग सिनेमे, मग वांद्र्याला समुद्रासमोर घर. आणि शर्लीला काय, तर त्याच ॲमांडाच्या पोस्टरखालून बाजाराला जाणं. इतक्या वर्षांत तिचा जळफळाट कमी झाला नव्हता, आणि तो कमी व्हावा अशी तिची इच्छाही नव्हती.

एके दिवशी ॲमांडाच दारात उभी. नव्या सिनेमात तिला आपल्याच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली बाई करायची होती.

"शर्ली, मला लुगडं शिकव ना. त्या ड्रेसवाल्यांना काही कळत नाही यार. तुझ्यासारखं कुणाला येतं?"

चेहऱ्यावर अजून एक सुरकुती नाही, शर्लीने आधी तेच पाहिलं. पोटात दुखलंच. मग तिने लुगडं हातात घेतलं आणि निऱ्या उलट्या खोचल्या. तोंड डावीकडे हवं, ते उजवीकडे. परक्याला काही कळणार नाही, पण गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या थिएटरात फिदीफिदी हसतील. ॲमांडाने तसंच पुन्हा पुन्हा नेसून घोटून घेतलं आणि जाताना शर्लीला घट्ट मिठी मारली. शर्लीला झोप मात्र झकास लागली.

सिनेमा लागला. ॲमांडा शेताच्या बांधावरून चालत आली आणि त्या उलट्या निऱ्या पावलागणिक उघडत मिटत गेल्या. थिएटरात शिट्ट्या पडल्या. शर्लीने आशेने शेजारी बसलेल्या सिसिलिया आत्याकडे पाहिलं. आत्या डोळे पुसत होती.

"पोरीने आमच्या आईला उभी केली गं," ती म्हणाली.

त्यानंतर गावात पोरी तशाच निऱ्या काढू लागल्या. ॲमांडाने टीव्हीवर जाऊन शर्लीचं नावही घेतलं. हे तर शर्लीला सगळ्यात झोंबलं, कारण आता तिला शिवीही घालता येईना.

एल्टनच्या, म्हणजे तिच्या भाच्याच्या लग्नाला शर्ली आरशासमोर तयार होत होती. तिची मुलगी रोशेल आत आली आणि थबकली.

"मम्मी, निऱ्या उलट्या खोचल्यास तू."

"बरोबर आहेत. आपल्यात अशाच असतात."

"काहीतरीच. ॲमांडा आंटीला तूच शिकवलंस ना? मग स्वतःच कशी चुकतेस?"

उत्तर शर्लीच्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर आपण काय केलं तेही सांगावं लागलं असतं. तिने निऱ्यांवरचे हात बाजूला घेतले. रोशेलने गुडघ्यावर बसून तिच्या निऱ्या उपसल्या, उलट बाजूने खोचल्या आणि मागे सरकून तिच्याकडे पाहिलं.

"आता कशी," ती म्हणाली, "जरा तरी तिच्यासारखी दिसतेस."